भूगोलकाका

मुंबईच्या उपनगरांत हल्ली एक नव्या जातीचा बाप आढळू लागला आहे. सकाळी बाकीचे बाप मुलांना स्कूलबसमध्ये चढवून हुश्श करतात, तेव्हा हा मुलांना घेऊन जिना उतरत असतो. गळ्यात होकायंत्र, पाठीला सॅक, हातात मोजपट्टी. बोरिवलीचा नमुना कान्हेरीच्या पायऱ्यांवर दिसतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी उभा राहून त्या दोनशे फुटी काळ्या खडकाकडे बोट दाखवत 'साडेसहा कोटी वर्षं!' असं म्हणतो, आणि म्हणताना चेहरा असा, की खडक ह्याच्याच आजोबांनी रचला असावा. मुलुंडचा आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण सोसायटीत ते कुणाला आठवत नाही. मुलं त्यांना भूगोलकाका म्हणतात, मोठी माणसं त्यांच्यामागे नुसतंच 'भूगोल'. वॉचमनच्या वहीत 'भूगोल साहब, कुरियर' अशी नोंद मी स्वतः पाहिली आहे. काकांना हे नाव पसंत नाही. बदनामी झाली असं त्यांना वाटत नाही, पण "अर्धंच आहे हो," म्हणतात. "इतिहासही मीच घेतो."

घरशाळेतली वाटणी अशी: वहिनी बँकेत जातात, संध्याकाळी येऊन गणित आणि विज्ञान घेतात. इंग्रजी मुलं कुणी न शिकवता शिकली. उरलं ते काकांकडे आलं. पूर्वी ते ऐरोलीच्या एका कंपनीत होते. आता घरून थोडंफार काम करतात, आणि थोडंफार सोडून सगळा वेळ शिकवतात.

ह्या सगळ्याला कारण झाला सूर्य. थोरली तिसरीत असताना परिसर अभ्यासाच्या चाचणीत प्रश्न आला, सूर्य कोठे उगवतो? तिने लिहिलं, 'बी विंगच्या मागे.' बाईंनी त्यावर तांबडी फुली मारली. काकांनी त्या रात्री शाळेला चार पानी पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो, एकदा २१ मार्चच्या आसपास आणि एकदा २३ सप्टेंबरच्या आसपास. उरलेले सगळे दिवस शाळेचं उत्तर चूक असतं. आमची बी विंग मात्र एवढी लांबरुंद आहे, की सूर्य बाराही महिने तिच्याच मागून वर येतो. तेव्हा मुलीला पूर्ण गुण मिळावेत. शाळेचं उत्तर आलं नाही. पुढच्या जूनमध्ये थोरली शाळेत गेली नाही, आणि धाकट्याला तर त्यांनी शाळा दाखवलीच नाही.

काकांच्या बोलण्यात डावं-उजवं नाही. फक्त दिशा. "मीठ नैर्ऋत्येला आहे," असं ते जेवताना म्हणतात आणि पाहुणा ताटाकडे बघत बसतो. एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षात होतो. चौक आला तसे ते म्हणाले, "इथून ईशान्येला घ्या." रिक्षावाल्याने आरशात बघितलं. म्हणाला, "ईशान्य मुंबई ना साहेब? मग तिच्यातच आहोत की." निवडणुकीच्या फलकांखेरीज हा शब्द त्याने कुठे वाचलेला नव्हता, आणि त्याच्या दृष्टीने तो चूकही नव्हता. काकांना मात्र इतका आनंद झाला, की भाडं देईपर्यंत ते त्याला मतदारसंघ आणि दिशा ह्यांतला फरक समजावत होते. मागचे हॉर्न वाजवत होते.

मुलुंड पूर्व हेही त्यांना मान्य नाही. रेल्वेलाइनच्या ह्या बाजूला पूर्व आणि त्या बाजूला पश्चिम, असं आपण सगळेच धरून चालतो. पण घाटकोपरहून मुलुंडकडे येताना लाइन सरळ उत्तरेला जात नाही, चांगली उजवीकडे, माफ करा, पूर्वेकडे कलते. म्हणजे आमचं 'पूर्व' जरासं आग्नेयेला सरकलेलं आहे. ही गोष्ट त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत 'ऐनवेळचे विषय' ह्या सदरात मांडली होती. ठराव झाला नाही.

गर्दीच्या लोकलमध्येही त्यांचं थांबत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी ह्याच मार्गावरून गेली, चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं. इंजिनांची नावं धाकटा मोठ्याने सांगतो, "साहिब, सिंध, सुलतान!" त्यावर दारातला कुणीतरी म्हणतो, "सुलतान, आत सरक."

पण काकांना खरा राग येतो तो सात बेटांचा. 'मुंबई म्हणजे सात बेटं' हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारू नये. टीव्हीवर कुणी म्हणालं तरी ते टीव्हीला उत्तर देतात. "ती सात बेटं खाली, कुलाब्यापासून माहीमपर्यंत! आपण साष्टीतले!" आणि मग पाढा सुरू होतो. १६६१ साली पोर्तुगालने राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला बेटं आंदण दिली, त्यात मुलुंड नव्हतं. १६६८ साली राजाने ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली, त्यातही मुलुंड नव्हतं. (इथे ते थांबून सोसायटीच्या पार्किंगचं भाडं विचारतात.) साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेईपर्यंत सदतीसएक वर्षं आपण मराठी राज्यात होतो. सालबाईच्या तहात १७८२ ला त्यावर शिक्का बसला, इतकंच. "कुलाब्याचे लोक त्या काळात परदेशात राहत होते," असं काका म्हणतात. त्यांचे साडू कुलाब्याला राहतात.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी त्यांनी एक काठी रोवली आहे. दुपारी तिची सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते मुलं खडूने आखतात. बारा वाजता होत नाही. मुलुंडला सूर्य डोक्यावर येतो साधारण बारा अडतीसला, ऋतूप्रमाणे पाव तास अलीकडे किंवा पलीकडे, कारण आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि आपण आहोत त्र्याहत्तरच्या आसपास. "आपल्या हातावर मिर्झापूरची वेळ आहे," काका म्हणाले. धाकट्याने विचारलं, "आई रात्री बघते तेच का?" वहिनींनी विषय बदलला.

ह्यातूनच त्यांना मुंबई टाइम सापडला. १९०६ साली देशाला एक वेळ ठरली तरी मुंबई अडून बसली आणि १९५५ पर्यंत एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली आपली वेळ पाळत राहिली. काकांना ही बाणेदार वृत्ती फार आवडली. त्यांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ एकोणचाळीस मिनिटं मागे केलं, जेवण मुंबई टाइमने. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईंनी, म्हणजे मुलांच्या आजींनी, रिकाम्या ताटासमोर बसून विचारलं, "सरकारने पंचावन साली बंद केलं ना? मग तू कशाला चालू केलंस?" त्या दुपारपासून त्या घरात पुन्हा मिर्झापूर लागू आहे.

मेच्या मध्यात एक दिवस असा येतो की आपल्याकडे भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी काका साऱ्या इमारतीला गच्चीवर बोलावतात. आम्ही जातो. डोक्यावर टॉवेल घेऊन स्टीलच्या ग्लासांकडे बघत उभे राहतो, सावली जाते, काका टाळ्या वाजवतात, आम्ही वाजवतो आणि खाली येऊन पन्हं पितो. असा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरा जुलैच्या अखेरीस असतो, पण तेव्हा मुंबईत सूर्यच नसतो, ही देवाची कृपा.

जुलैअखेरवरून आठवलं. काकांच्या इतिहास शिकवण्यातला सगळ्यांत मोठा प्रयोग म्हणजे २६ जुलै. थोरली अकरा वर्षांची असताना त्यांनी तिला सांगितलं, पुस्तक उघडायचं नाही, इमारतीत फिर, २००५ च्या २६ जुलैला कोण कुठे होतं ते विचार आणि लिहून आण. मुलगी वही घेऊन दारोदार गेली. मुंबईच्या माणसाला ह्यापेक्षा आवडता प्रश्न नाही. एरवी 'सध्या घाईत आहे' म्हणणारी माणसं तिला खुर्ची देऊन, पोहे खायला घालून सांगत बसली. कुणी सायनहून चालत आलं होतं, कुणी कलिन्यात बसच्या टपावर रात्र काढली होती, कुणाला अनोळखी माणसांनी घरात घेऊन कोरडा शर्ट दिला होता, आणि तो शर्ट अजून कपाटात होता.

चार दिवसांनी काकांनी तिला सगळ्यांच्या पाण्याच्या पातळ्या एका तक्त्यात मांडायला सांगितल्या. कुर्ल्याच्या एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, पाणी घोट्यापर्यंत, कमरेपर्यंत आणि गळ्यापर्यंत होतं. सांगणाऱ्यांच्या उंचीत एवढा फरक नव्हता. मुलगी गोंधळली. काकांचे डोळे चमकले. "आता आली तू इतिहासात," ते म्हणाले. मग कोण खरं बोलतंय हे ठरवायचं कसं, ह्यावर त्या घरात आठवडाभर खल चालला. साक्षीदार तिथे होता का? केव्हा सांगतोय? त्याच्या सांगण्याला दुसऱ्या कुणाचा दुजोरा आहे का? पानिपतच्या बखरी वाचतानाही असंच विचारायचं असतं, हे काकांनी तिला पोहे खाता खाता सांगितलं, आणि तिने ते वहीत लिहिलं नाही, डोक्यात ठेवलं.

गळ्यापर्यंत पाणी सांगणारे गृहस्थ पहिल्या मजल्यावरचे. त्यांची कथा सोसायटीत प्रसिद्ध आहे, गणेशोत्सवात एकदा माइकवरूनही झाली आहे. मुलीने दुजोऱ्यासाठी त्यांच्या पत्नीला गाठलं. काकू भाजी निवडत म्हणाल्या, "हे? हे तर तेव्हा नाशिकला होते, भाच्याच्या मुंजीला. मीच अडकले होते कुर्ल्याला. कमरेपर्यंत होतं." थोरलीने वहीत त्या गृहस्थांच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'साधन अविश्वसनीय.' ती वही नंतर बरेच दिवस इमारतीत फिरली. गृहस्थ महिनाभर जिन्याने जात होते. मजेची गोष्ट अशी, की पुढच्या गणेशोत्सवात त्यांनी ती कथा पुन्हा सांगितली, फक्त पाणी कमरेपर्यंत आणलं.

भूगोलही त्यातच निघाला. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्यात जेमतेम ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी! कुलाब्याचे साडू इतकी वर्षं जे म्हणत आले होते, 'एवढं काही नव्हतं, तुम्ही लोक वाढवून सांगता', त्याचा उलगडा झाला. साडू खोटं बोलत नव्हते. काकांनी त्यांना फोन करून तसं कळवलं, आणि वर सांगितलं, "तुम्ही परदेशातच होतात."

मग ओघाने मिठी नदी आली. विहार आणि पवईच्या तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला कशी मिळते ते काकांनी मुलांना काठाकाठाने दाखवलं. काठ जिथे होता तिथे. त्या सहलीविषयी अधिक लिहीत नाही. मुलांच्या चपला दोन दिवस गॅलरीत होत्या आणि मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो.

काकांवर सगळी मुलं एकदम रुसली ती दिवाळीच्या किल्ल्यावरून. आमच्याकडे दरवर्षी मुलं पॅसेजमध्ये मातीचा किल्ला करतात. दगड, गोणपाट, लाल माती, वर पेरलेली मोहरी, गुहेत वाघ, तळ्यात प्लास्टिकचं बदक आणि शिखरावर महाराज. त्या वर्षी काका म्हणाले, किल्ला प्रमाणात करू. रायगड. एकास हजार. समुद्रसपाटीपासून ८२० मीटर म्हणजे ८२ सेंटिमीटर. समोच्च रेषांप्रमाणे पुठ्ठे कापले, टकमक टोक नेमक्या दिशेला आलं, हिरकणी बुरूज आला. तीन दिवस मुलं खूश होती. मग ती बाजारातून आणलेले मावळे घेऊन आली.

काकांनी एक मावळा हातात घेऊन मोजपट्टी लावली. साडेसात सेंटिमीटर. "म्हणजे हा पंचाहत्तर मीटर उंच आहे," ते म्हणाले. "पंचवीस मजली मावळा. ह्याला किल्ल्याची गरज काय?" प्रमाणात मावळा दोन मिलिमीटरांहून कमी भरत होता. काकांनी मोहरीचे दाणे पुढे केले. मुलांनी दाण्यांकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि दुसऱ्या विंगमध्ये जाऊन निराळा किल्ला बांधायला घेतला, ज्यात विमानतळ होता. काकांचाच धाकटा तिकडे मुख्य स्थापत्यकार.

वसुबारसेच्या रात्री आजींनी हळूच जाऊन रायगडावर महाराजांची मूर्ती ठेवली. सकाळी काकांनी पाहिलं. काढायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांनी वाकून नमस्कार केला. पण स्वभाव. नकाशाखाली लिहितात तशी एक छोटी चिठ्ठी त्यांनी खाली चिकटवली, 'महाराज प्रमाणात नाहीत.' सेक्रेटरी पेपर आणायला खाली उतरले आणि ती वाचून जागच्या जागी थबकले. "अहो, तुमचं भूमितीचं बरोबर असेल," ते घाम पुसत म्हणाले, "पण हे वाक्य जाहीर लावू नका." चिठ्ठी दहा मिनिटांत गेली. महाराज राहिले.

सहलींच्या बाबतीत काकांचा एक सिद्धान्त आहे, घरशाळेत वार नसतो. त्यामुळे ते पहिल्यांदा कान्हेरीला गेले ते सोमवारी. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. दुसऱ्या खेपेला मात्र लेणी झाली. शंभराहून अधिक लेणी, आणि जवळजवळ प्रत्येकीजवळ पावसाचं पाणी साठवणारं कातळातलं टाकं. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीने ती आवर्जून बघावीत. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले. तेव्हा काही पारशी मंडळी तिथे येऊन गेली आणि त्यांनी आपली नावं कोरून ठेवली. काका भारावून हे सांगत असताना धाकट्याने विचारलं, "मग मी लिफ्टमध्ये नाव कोरलं तेव्हा मला का ओरडलात?" काका निरुत्तर झाल्याची नोंद असलेला हा एकमेव प्रसंग. घरी येईपर्यंत त्यांना उत्तर सुचलं, ते म्हणाले, "तू तारीख घातली नव्हतीस." आता लिफ्टमध्ये तारीख आहे.

लिफ्टमध्येच त्यांना रोज तो प्रश्न विचारला जातो. "ते सगळं ठीक आहे, पण दहावीचं काय?" प्रश्न विचारणारा माणूस बदलतो, 'ते सगळं ठीक आहे' बदलत नाही. काका शांतपणे सांगतात, एनआयओएस. मग एनआयओएस म्हणजे काय, हे सांगेपर्यंत मजला येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा अजून समज आहे, की एनआयओएस हे मुलांना चालू असलेलं कसलंसं औषध आहे. कुणी १७ नंबरचा फॉर्म सुचवतं, कुणी आपल्या भाच्याचं उदाहरण देतं, जो शाळेत जाऊनही नापास झाला.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं, आणि सामाजिक शास्त्र हा विषय घेतला की त्यात इतिहास-भूगोल दोन्ही आले. थोरली आता तेराची आहे. काकांना काळजी नाही. "पाठांतर एका अक्षराचं केलं नाही," ते सांगतात, "तरी विचारा तिला काहीही." आम्ही विचारतो. मुंबई उपनगर जिल्हा कधी झाला? १ ऑक्टोबर १९९०. तालुके? कुर्ला, अंधेरी, बोरिवली. आपण कुठल्या तालुक्यात? कुर्ला. पुरंदरचा तह? १६६५, २३ किल्ले. पोरगी दम न घेता सांगते आणि काका आमच्याकडे बघतात.

आम्ही काही बोलत नाही. आजी महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास-भूगोलच शिकवत होत्या. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे द्या, ह्यावर त्यांचा देवाइतका विश्वास आहे, आणि लेकाच्या शाळेला त्या 'उंडारणं' म्हणतात. रोज दुपारी चारला काका मीटिंगसाठी खोलीचं दार लावून घेतात, तेव्हा स्वयंपाकघरात दुसरी शाळा भरते. चहात बिस्किट बुडवायचं असेल तर आधी पाच सनावळ्या. तालुके चुकले तर बिस्किट नाही. दार लोटलेलं असतं, पण आवाज डक्टमधून सगळ्या मजल्यांवर जातो. मला स्वतःला आता पुरंदरचा तह पाठ झाला आहे.

गेल्याच आठवड्यात आजींनी माझ्याकडून स्टेशनजवळच्या दुकानातून सामाजिक शास्त्राचं गाइड मागवून घेतलं. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. ते सध्या तांदळाच्या डब्यामागे, उभं ठेवलेलं आहे. भूगोलकाकांना हे ठाऊक नाही. मुलुंडमधल्या वाचकांनी कृपया त्यांना सांगू नये.